सायकलीला इंजिन लावायचे तर

आपल्या निफाड तालुक्यात द्राक्षबागा पुष्कळ. बागेत औषध मारायच्या पंपाला, गवत कापायच्या यंत्राला छोटे पेट्रोल इंजिन असते. कधी पंप मोडतो, पण इंजिन चांगले राहते आणि ओसरीला पडून असते. ते बघून मोठ्या मुलांच्या डोक्यात एकच येते: हे सायकलीला बसवलं तर?

विचार काही वेडा नाही. जपानात 1946 साली सोइचिरो होंडा यांनी हेच केले. सैन्याच्या वायरलेस यंत्रांना वीज देणारी छोटी इंजिने युद्धानंतर उरली होती. ती त्यांनी सायकलींना जोडली. पहिल्या सायकलीला पेट्रोलची टाकी कसली, तर घरातले अंथरूण शेकायचे गरम पाण्याचे भांडे! उरलेली इंजिने संपली तेव्हा त्यांनी स्वतःच इंजिन बनवले. आपल्या महाराष्ट्रात फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीने 1972 साली लूना आणली. 50 सीसीचे इंजिन आणि शिवाय पायडल. पेट्रोल संपले तर पायडल मारत घरी यायचे. आपल्या आजोबांना विचारा, ते सांगतील.

आता इंजिन चाक कसे फिरवते ते पाहू. छोटे इंजिन एका मिनिटात सुमारे 6000 फेरे घेते. सायकलीच्या 28 इंची चाकाचा घेर साधारण 2.2 मीटर. ताशी 25 किलोमीटर म्हणजे मिनिटाला 417 मीटर. भागाकार करा, चाकाचे फेरे आले सुमारे 190. म्हणजे इंजिनाचे बत्तीसेक फेरे झाले की चाकाचा एक व्हायला हवा. इंजिन थेट चाकाला जोडले तर ते जागेवरच बंद पडेल, त्याच्यात तेवढी ताकद नसते. म्हणून फेरे कमी करायचे आणि जोर वाढवायचा. इंजिनाकडे 10 दात्यांचे चक्र आणि मागच्या चाकाला 40 दात्यांचे लावले तर फेरे चौथाई होतात. उरलेली आठपट आधीच्या टप्प्यात साधावी लागते. काही जण चेन न लावता टायरवर घासणारा रोलर बसवतात. सोपे आहे, पण आपल्या काळ्या मातीचा चिखल टायरला लागला की रोलर नुसताच घसरतो.

क्लचही पाहिजे. नाहीतर सायकल थांबली की इंजिन बंद. गवत कापायच्या यंत्रात छान युक्ती असते. इंजिन जोरात फिरले की आतले दोन तुकडे गोफणीतल्या दगडासारखे बाहेर ओढले जातात आणि भोवतालच्या वाटीला घट्ट धरतात. वेग कमी झाला की स्प्रिंग त्यांना आत ओढते. माणसाला काही करावेच लागत नाही.

एवढे जमले की पोरं म्हणतात, झाली गाडी तयार! पण खरा प्रश्न पुढेच आहे. ती थांबणार कशी?

आपण सायकल साधारण ताशी 15 किलोमीटरने चालवतो. इंजिनाने ती 45 ने पळाली तर वेग तिप्पट झाला. पण ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारे अंतर तिप्पट होत नाही, नऊपट होते. कारण ते अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. पहिल्या वेगाला 3 मीटर लागत असतील तर दुसऱ्याला 27. शिवाय समोर शेळी दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत सेकंदभर जातो, तेवढ्यात गाडी साडेबारा मीटर पुढे गेलेली असते. आणि ब्रेक म्हणजे काय, तर रिमवर घासणारे रबराचे चार तुकडे. रिम ओली झाली की तेही सटकतात. पुढचा चिमटा, तारा, वेल्डिंगचे जोड हे सगळे पायाच्या वेगासाठी केलेले. नाशिक-संभाजीनगर रस्त्यावर ट्रॅक्टर-टेम्पोच्या मधे असली गाडी नेणे म्हणजे जिवाशी खेळ. लूना काही नुसती इंजिन लावलेली सायकल नव्हती. तिचा सांगाडा, चाके, ब्रेक सगळे इंजिनाच्या हिशेबानेच केलेले होते.

पालकांसाठी एक गोष्ट. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे 25 सीसीपेक्षा मोठे इंजिन लावले की सायकल मोटार वाहन ठरते. मग नोंदणी, विमा, परवाना सगळे आले. बिनगिअरच्या 50 सीसीपर्यंतच्या गाडीचाही परवाना 16 वर्षांच्या आधी मिळत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकालाही 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

ज्यांना नऊपटीचा हिशेब पटत नाही त्यांनी गुरुजींसमोर मैदानावर करून पाहावे. चुन्याची रेघ मारा. साध्या सायकलीने हळू या, रेघेवर ब्रेक दाबा, थांबाल तिथे खूण करा आणि टेपने मोजा. मग दुप्पट वेगाने या. अंतर चौपटीच्या आसपास येते. नंतर रिमवर पाणी शिंपडून हळू वेगानेच पुन्हा मोजा आणि तिन्ही आकडे या फळ्याखाली लिहून ठेवा.