रविवारचा एक तास : घरातली चित्रकला, तब्येत आणि खर्च

"आम्हाला कुठली चित्रकला येते?" हे वाक्य आपल्या मंडळींच्या तोंडी नेहमी ऐकू येते. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटची परीक्षा दिली असेल तर दिली, नाहीतर दहावीनंतर रंगपेटीशी आपला संबंध संपतो. मीही त्यातलाच. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंग शीटवर ओढलेल्या रेघा एवढीच माझी पुंजी. तेव्हा हा लेख चित्रकाराचा नाही. घरच्या अनुभवातून आणि त्यानिमित्ताने झालेल्या वाचनातून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो आहे.

निमित्त झाले माझ्या आईचे. दोन वर्षांपूर्वी ती ऑक्टोबरात सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. पहिले पंधरा दिवस कौतुकात गेले. पुढे मँचेस्टरचा हिवाळा सुरू झाला. डिसेंबरात येथे चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. आम्ही दोघे कामावर, मुले शाळेत, बाहेर पाऊस. आई खिडकीशी बसून राहू लागली. जेवण कमी झाले, दुपारी झोप आणि रात्री जागरण. डॉक्टरांशी बोललो, औषधे तपासली, त्यात काळजीचे काही निघाले नाही. एके दिवशी तिने हळूच विचारले, "माझं तिकीट अलीकडचं करून मिळेल का रे?" तो प्रश्न मनाला लागला.

त्याच आठवड्यात धाकटीला शाळेतून सममितीचा गृहपाठ आला होता. आजीने तो पाहिला आणि एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर सात ओळींत सात-सात ठिपके काढून ते जोडून दाखवले. दोन्ही मुले शेजारी येऊन बसली. पुढच्या रविवारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरले. तेव्हापासून रविवारी चार ते पाच हा तास आमच्याकडे चित्रांचा ठरला आहे.

आईचा एकटेपणा गेला, असे मी म्हणणार नाही. सोमवार ते शुक्रवारच्या दुपारी तशाच लांब होत्या. पण ती बुधवारपासूनच रविवारची तयारी करू लागली. उदबत्तीने कागदाला भोके पाडून तिने ठिपक्यांचा कागद तयार केला, तांदळाचे पीठ चाळून ठेवले. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

तब्येतीशी संबंध काय?

अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. ३९ प्रौढांना ४५ मिनिटे माती, रंगीत पेन आणि चिकटकामाचे कागद देऊन हवे ते करू दिले. आधी आणि नंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, मोजले. सुमारे ७५ टक्के लोकांत ते कमी झाले होते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, पूर्वी चित्रे काढलेली असोत वा नसोत, परिणामात फरक दिसला नाही. अर्थात माणसे थोडी होती आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा अभ्यास याच देशातला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी इंग्लंडमधील पन्नाशीपुढच्या ६,७१० लोकांची सुमारे १४ वर्षांची माहिती तपासली आणि ती २०१९ साली प्रसिद्ध केली. दर काही महिन्यांनी संग्रहालय, चित्रदालन, नाटक किंवा मैफलीला जाणाऱ्यांत मृत्यूचा धोका, कधीच न जाणाऱ्यांच्या मानाने ३१ टक्के कमी आढळला. चित्रे पाहिल्यामुळेच आयुष्य वाढते, असे यातून सिद्ध होत नाही. तब्येत बरी असणारेच अधिक बाहेर पडतात, हेही खरे. संशोधकांनी असे फरक जमेस धरले, तरी संबंध उरला. घरातल्या वडीलधाऱ्यांना बाहेर काढायला एवढे कारण पुरे आहे. मँचेस्टर आर्ट गॅलरी आणि व्हिटवर्थ या दोन्ही ठिकाणी प्रवेश मोफत आहे.

मात्र झोप उडणे, भूक मंदावणे, उदास वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर आधी डॉक्टर, मग रंगपेटी. छंद हा औषधाला पर्याय नव्हे.

शेजारच्याच गावचा धडा

"नोकरी सांभाळून वेळ कुठला?" असे म्हणणाऱ्यांनी एल. एस. लाउरी (१८८७-१९७६) यांचे उदाहरण पाहावे. येथील गिरण्या, धुराडी आणि काडीसारखी माणसे रंगवणारे हे चित्रकार १९१० पासून १९५२ मध्ये निवृत्त होईपर्यंत एका मालमत्ता कंपनीत घरभाडे वसुलीचे काम करीत. शिक्षण संध्याकाळच्या वर्गात झाले. वडील १९३२ मध्ये वारले, आई अंथरुणाला खिळलेली. पेंडलबरीच्या घरात दिवसभराची नोकरी आणि आईची शुश्रूषा आटोपून, ती झोपल्यावर ते रात्री चित्रे काढीत. त्यांची चित्रे सॅल्फर्डच्या 'द लाउरी'मध्ये पाहता येतात.

आणखी एक गोष्ट. ते प्रामुख्याने पाचच रंग वापरीत : पांढरा, काळा, हिंगुळी लाल, प्रशियन निळा आणि पिवळ्या मातीचा रंग. छत्तीस रंगांच्या पेटीवाचून आपले काही अडत नाही!

खर्चाचा हिशेब

आम्ही महिन्याला दहा पौंडांची मर्यादा ठरवली, म्हणजे वर्षाला १२०. कागदासाठी चित्रकलेच्या दुकानात जायची गरज नाही. भिंतीच्या वॉलपेपरखाली लावायचा साधा कागद मोठ्या गुंडाळीत मिळतो, तो मुलांना कित्येक महिने पुरतो. पार्सलचा तपकिरी कागद टाकू नये. त्यावर पांढऱ्या रंगाने वारली चित्रे उत्तम उठतात. त्रिकोण, वर्तुळ, चौकोन एवढ्यावर माणसे, झाडे, घरे उभी राहतात, त्यामुळे "मला जमत नाही" ही सबब चालत नाही. काढण्यापूर्वी मुलांना डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांची चित्रे दाखवावीत. लग्नघरात बायकांनी काढायची ही चित्रे त्यांनी कागदावर आणून जगभर पोहोचवली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

दिवाळीच्या मेळाव्यात पणत्या किंवा भेटकार्डे विकायचा विचार असेल, तर करवर्षात १,००० पौंडांपर्यंतच्या एकूण विक्रीवर सहसा कर भरावा लागत नाही. हा आकडा नफ्याचा नसून विक्रीचा आहे आणि अशी सर्व किरकोळ कामे त्यात मिळून धरतात. पाहुणा व्हिसावर आलेल्या आईवडिलांना मात्र विक्रीला बसवू नये; त्या व्हिसाला ते चालत नाही.

चार सावधगिऱ्या

१. लाउरींचा पांढरा रंग शिशाचा होता. मुलांसाठी रंग घेताना खेळण्यांच्या सुरक्षिततेचे ईएन ७१ हे मानक वेष्टनावर पाहावे.

२. घटक न छापलेले सुटे रंग लहान मुलांना देऊ नयेत. रांगोळीसाठी तांदळाचे पीठ बरे.

३. वाफेचा किंवा फवाऱ्याचा पदार्थ बंद खोलीत वापरू नये.

४. वडीलधाऱ्यांना जमिनीवर बसवू नये. टेबलाशी खुर्ची आणि चांगला दिवा असावा.

सुरुवात कशी करावी

वार आणि वेळ ठरवावी. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावेत. मोठ्यांनीही काढावे, नुसते पाहत बसू नये. मुलांचे चित्र दुरुस्त करू नये आणि "हे काय काढलंस?" असे न विचारता "याबद्दल सांग" म्हणावे. आमच्याकडे हे सांगणे आजीमुळे मराठीत होऊ लागले, हा अनपेक्षित लाभ.

आई एप्रिलमध्ये ठरल्या तारखेला परत गेली. तिचा भोके पाडलेला कागद आमच्या खणात आहे. रविवारी चारला, म्हणजे तिच्याकडे रात्री, आम्ही फोन टेबलावर उभा करतो. या घरात त्या तासापुरती फोनला एवढीच परवानगी आहे. मुलांचा ठिपका चुकला की ती अजूनही तिकडून सांगते.

आपल्याकडेही कुणाचे आईवडील या हिवाळ्यात येणार असतील. त्यांच्यासाठी गरम कपडे घ्यालच, सोबत काळ्या कागदाची एक वही आणि पांढरी पेन्सिलही घ्या.