पाड्यावरील वृद्ध, त्यांचे संगीत आणि शाळा

वृद्धापकाळी माणसास अन्न, वस्त्र व औषध यांची आवश्यकता असते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु आपली अजून कोणास तरी गरज आहे, ही जाणीवही त्यास तितकीच लागते. पालघर जिल्ह्यातील जव्हार, डहाणू, तलासरी, विक्रमगड या भागांतील वारली समाजाने ही जाणीव आपल्या वृद्धांस संगीताच्या द्वारे दिलेली आहे. ती कशी, हे तेथील शिक्षकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

वारली जीवनात गाणे-वाजविणे ही केवळ करमणूक नव्हे. ते काम आहे. परंपरेप्रमाणे लग्न लावते ती धवलेरी. ती बहुधा वयस्क स्त्री असते, आणि तिच्या गाण्यावाचून विधी पुरा होत नाही. धान्यदेवता कणसरीची कथा भगत घांगळीच्या साथीने गातो. भाताचे पीक हाती येऊ लागले की तारपा ऐकू येतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजविण्यास मेण, एवढ्यावर हे वाद्य तयार होते. त्याचा सूर तुटू न देता वाजविण्याचा दमसास वर्षानुवर्षांच्या सरावाने येतो. नाचताना तरुण-तरुणींची साखळी तारपकऱ्याभोवती फिरते व त्याच्याकडे कोणी पाठ करीत नाही. वारली चित्रांतील वलयाचा अर्थ हाच होय.

यातून वृद्धांस काय लाभते? गाताना श्वास खोल घेतला जातो, चार माणसांची संगत घडते, एकटेपणा सरतो. लहानपणापासून घोकलेली गाणी मनात खोल रुजलेली असतात. कालची गोष्ट विसरणाऱ्या म्हातारीसही ती पुष्कळदा ओळीमागून ओळ आठवतात. संगीत हे औषधाच्या जागी येणार नाही. परंतु जगण्याची उमेद टिकविण्यास त्याचे साह्य मोठे आहे.

सांप्रत ही वीण सैल होत आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर वा बांधकामांवर जातात. पाड्यावर म्हातारी माणसे मागे राहतात. लग्नमंडपात ध्वनिवर्धक आला, तेथे धवलेरीचा आवाज दबला. वाद्य आढ्याला टांगले जाते, आणि ते वाजविणाराही ओटीच्या कोपऱ्यात मुका बसतो. त्याची कला गेलेली नसते. विचारणारा कोणी उरलेला नसतो.

जव्हार तालुक्यातील वाळवंडा येथील वयोवृद्ध तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना सन २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. असा सन्मान एखाद्याच्याच वाट्यास येतो. मात्र पाड्यावरील प्रत्येक आजा-आजीस 'आम्हांस शिकवा' असे म्हणणारे शाळेचे मूल मिळू शकते. सन २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही स्थानिक कलावंतांस शाळेत शिकविण्यास बोलवावे, असे म्हटले आहे.

शिक्षकाने पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात :

१. प्रथम स्वतः वृद्धांच्या घरी जावे. त्यांस बोलावणे धाडू नये.

२. कोणते गाणे केव्हा म्हणावयाचे, हे त्यांनाच विचारावे. विधीची गाणी व तारपा यांस काळवेळ आहे. 'आता नाही' असे उत्तर आले, तर ते मान्य करावे. तोही एक पाठच होय.

३. शाळेत त्यांस प्रदर्शनाची वस्तू करू नये. पाहुण्यांसमोर वाजविण्यास सांगण्यापेक्षा मुलांस वाद्य बांधावयास शिकविण्यास सांगावे.

४. मुलांनी ऐकलेली गाणी वारली बोलीत, जशीच्या तशी, अनुमती असल्यासच उतरून घ्यावीत. शब्द 'सुधारू' नयेत.

५. वृद्धांचा दम पाहूनच वेळ ठरवावा. धाप लागत असल्यास फुंकण्याचा आग्रह धरू नये. वाद्याचे भाग ओळखविणे, तालाची चूक दाखविणे, हेही शिकविणेच आहे.

असा उपक्रम वर्षातून एकदा समारंभ म्हणून झाल्यास त्याचा उपयोग थोडा. पंधरा दिवसांतून एकदा, ठरल्या वारी, ठरल्या वेळी झाल्यास आजोबा त्या दिवसाची वाट पाहू लागतील. वाट पाहण्याजोगा एक दिवस वृद्धास देणे, हे शाळेस बिनखर्चाने करता येण्याजोगे काम आहे. त्यातून मुलांनाही आपल्या घरातील माणसाचे मोल कळेल, आणि हे शिक्षण कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळावयाचे नाही.