घरगुती उपयोगाचे पुन्हां भरतां येणारे सेल

भुसावळ हें आगगाड्यांचें गांव. फलाटावर उभे राहून डब्याच्या पोटाखालीं नजर टाकली, तर तेथें मोठमोठ्या पेट्या बसविलेल्या दिसतात. गाडी थांबली तरी दिवे व पंखे चालावेत, म्हणून त्यांत वीज सांठविण्याची सोय असते. फ्रान्समधील गास्तों प्लांते यानें १८५९ मध्यें शिसें व गंधकाम्ल यांपासून पुन्हां भरतां येणारा विद्युत्घट तयार केला. अशा पेट्यांचा मूळपुरुष तोच. परंतु आज आम्हांस बोलावयाचें आहे तें घरांतील लहानशा पेन्सिल सेलाविषयीं. (आपल्याकडे हातांतील दिव्यासच ‘बॅटरी’ म्हणतात आणि तिच्या पोटांतील वस्तूस ‘सेल’, हा घोटाळा आतां सुटणें कठीण!)

दीपनगरचीं धुराडीं गांवाजवळच आहेत. तथापि २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत परीक्षेचा अभ्यास बॅटरीच्या उजेडांत करणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. महिनाअखेर सेलांस पैसे नसले म्हणजे तो अभ्यासही थांबे. तेव्हां स्वस्त सेल कोणता, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

समजा, साधा सेल १५ रुपयांस मिळतो व घरांत महिन्यास चार सेल लागतात. म्हणजे महिन्याचा खर्च ६० रुपये. भरतां येणारे चार सेल प्रत्येकीं १५० प्रमाणें ६०० रुपयांस व चार्जर ६०० रुपयांस, असे १,२०० रुपये झाले. वीस महिन्यांत रक्कम फिटली. पुढील वापर जवळजवळ फुकट. भरण्याच्या विजेची चिंता नको, कारण कांहीं वीज वायां गेली असें धरलें तरी एका युनिटांत असे सुमारें दोनशें सेल भरतील. आतां भिंतीवरील घड्याळ घ्या. त्यास वर्षाकाठीं एक सेल पुरतो. तेथें १५० रुपयांचा सेल घातल्यास नुसत्या सेलाची किंमत फिटण्यास दहा वर्षें हवींत, आणि तितका काळ तो बहुधा टिकणारही नाहीं. म्हणून घड्याळ व दूरदर्शनसंचाचा रिमोट यांत साधा सेल बरा. बॅटरी, खेळणीं, छायाचित्रकाचा प्रकाशझोत यांत भरतां येणारा.

दुकानांत गेल्यावर वेष्टनावरील आंकड्यानें भुलूं नका. आम्ही स्वतः एकदां भुललों. एका विक्रेत्याकडे ४,००० मिलिअँपियर-तास असें छापलेले पेन्सिल सेल अगदीं अल्प किंमतींत मिळाले; घरीं येऊन पाहतों तों साध्या सेलापेक्षांही लवकर बॅटरी मंदावली. निकेल-मेटल हायड्राइड जातीच्या पेन्सिल सेलांत २,८०० च्या पलीकडे सहसा कांहीं मावत नाहीं; प्रामाणिक सेलावर बहुधा २,००० च्या आसपासचा आंकडा असतो. याची परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेंत सहज होते. पूर्ण भरलेल्या सेलास ५ ओहमचा रोध जोडावा. सेलाचा दाब सुमारें १.२ व्होल्ट, म्हणजे प्रवाह २४० मिलिअँपियर. दाब १ व्होल्टपर्यंत उतरण्यास आठ तास लागले, तर सेलांत २,००० च्या जवळपास खरोखरच आहे.

साध्या नव्या सेलाचा दाब १.५ व्होल्ट असतो. हा फरक पाहून पुष्कळांस हा सेल दुबळा वाटतो. वस्तुतः साध्याचा दाब वापराबरोबर उतरत जातो, आणि याचा शेवटपर्यंत बहुतांशीं स्थिर राहतो. रक्तदाब मोजण्याचें एखादें यंत्र मात्र सेल भरलेला असूनही ‘सेल बदला’ अशी खूण दाखवितें. त्याचें सूचनापत्रक आधीं वाचावें.

आपल्या खानदेशांत खरा शत्रु उन्हाळा. वैशाखांत पारा ४५ अंशांवर जातो. उष्णतेनें सेल पडल्यापडल्याच रिता होतो व त्याचें आयुष्यही घटतें. आपोआप कमी रिते होणारे सेल जपानांतील सान्यो कंपनीनें २००५ मध्यें बाजारांत आणले. आतां तसे इतरांचेही मिळतात. थोडे अधिक पैसे पडले तरी आम्ही तेच घेऊं. पत्र्याच्या छपराखालच्या फळीवर, भर दुपारीं सेल भरावयास लावूं नयेत. पहांटेची वेळ उत्तम. चार्जर असा निवडावा कीं जो प्रत्येक सेल निराळा भरतो व भरल्यावर आपण होऊन थांबतो. अशा चार्जरास लागलेले जादा पैसे वायां जात नाहींत, कारण स्वस्त चार्जर महागाचे सेल भाजून काढतो. जुना व नवा सेल एकत्र घालूं नये. साधा सेल तर चार्जरांत कधींच ठेवूं नये. तो फुटतो वा गळतो.

निकेल-कॅडमियमचे सेल स्वीडनच्या युंगनर यानें १८९९ मध्यें शोधले. ते अजूनही कोठें कोठें विकले जातात. परंतु कॅडमियम विषारी असल्यामुळें घरासाठीं ते टाळावे. निकामी सेल, मग तो कोणताही असो, केळीच्या बागेच्या बांधावर फेकूं नका, जाळूं तर नकाच. वापरलेले सेल परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनीं उत्पादकांवर टाकली आहे. तोंवर घरांत एक कोरडा डबा त्यांसाठीं वेगळा ठेवावा, व तो लहान भावंडांच्या हातीं लागणार नाहीं अशा उंचीवर.