खून, मनुष्यवध आणि दुखापत

वर्तमानपत्र हातीं घेतलें कीं ‘प्राणघातक हल्ला’, ‘खुनाचा आरोप’, ‘दरोडा’ असे शब्द रोज दृष्टीस पडतात. नित्याच्या बोलण्यांत कोणी कोणास ठार मारिलें म्हणजे खून झाला, असें आपण सरसकट म्हणतों. कायद्याला इतकें ढिलें बोलून चालत नाहीं. त्याच्या एका शब्दाच्या फरकानें माणूस फांशीं जाईल, दहा वर्षें तुरुंगांत राहील, कीं घरीं परत येईल, हें ठरतें. म्हणून या शब्दांची थोडी ओळख आमच्या विद्यार्थीबंधूंस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, असा आमचा विचार आहे.

आपल्या देशांत या शब्दांस नेमका अर्थ दिला तो भारतीय दंडसंहितेनें. तिचा मसुदा मेकॉलेसाहेबांच्या अध्यक्षतेखालीं १८३७ सालीं तयार झाला. परंतु तो मंजूर होण्यास १८६० साल उजाडलें आणि अंमल १ जानेवारी १८६२ पासून सुरू झाला. मेकॉले १८५९ मध्येंच निवर्तल्यामुळें त्यांस तें पाहावयास मिळालें नाहीं. ती संहिता १ जुलै २०२४ रोजीं जाऊन तिच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचें कलम पूर्वीं ३०२ होतें, तें आतां १०३ झालें. तरी व्याख्यांचा गाभा बहुतांशीं जुनाच आहे.

प्रथम ‘हमला’ घेऊं. हमला होण्यास अंगाला बोटहि लागावें लागत नाहीं. आतां हा आपणांस मारणार, अशी भीति समोरच्यास वाटेल अशा हेतूनें किंवा जाणिवेनें मूठ उगारली, तरी तो हमला होतो. नुसते शब्द मात्र हमला होत नाहींत. पण काठी हातीं घेऊन उच्चारलेले शब्द त्या काठीचा अर्थ बदलूं शकतात.

मारल्यानें वेदना झाली, तर ती दुखापत. तिला एक वर्षापर्यंत कैद होऊं शकते. ‘जबर दुखापत’ म्हणजे काय, हें न्यायाधीशाच्या मर्जीवर सोडलेलें नाहीं. कायद्यानें तिचे आठ प्रकार मोजून दिले आहेत. डोळ्याची दृष्टि किंवा कानाची श्रवणशक्ति कायमची जाणें, एखादा अवयव अगर सांधा निकामी होणें, चेहरा कायमचा विद्रूप होणें, हे त्यांतले कांहीं. हाड मोडणें आणि दांत पडणें किंवा निखळणें हेंहि त्यांतच येतें, ही गोष्ट क्रीडांगणावर भांडणाऱ्या मुलांस बहुधा ठाऊक नसते. पंधरा दिवस तीव्र वेदना राहिली किंवा नित्याचीं कामें करतां आलीं नाहींत, तरी ती जबर दुखापत होते. जुन्या संहितेंत ही मुदत वीस दिवसांची होती. शिक्षा सात वर्षांपर्यंत. मात्र तशी इजा करण्याचा हेतु अथवा ती होण्याचा संभव असल्याची जाणीव सिद्ध व्हावी लागते. चेंडू लागून खेळगड्याचा दांत पडला, तर तो गुन्हा नव्हे.

मनांत काय होतें, हा प्रश्न फार जुना आहे. पवित्र शास्त्रांत, अनुवाद या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायांत, रानांत लांकूड तोडतांना कुऱ्हाडीचें पातें दांड्यांतून निसटून शेजारी मरण पावल्यास मारणाऱ्यानें आश्रयनगरांत पळून जाऊन जीव वांचवावा, असें सांगितलें आहे. दंडसंहितेंत अपघाताचें जें उदाहरण दिलें होतें, तेंहि नेमकें कुऱ्हाडीचें पातें निसटण्याचेंच! योग्य ती काळजी घेतली असेल तर तो गुन्हा नाहीं, असें कायदा म्हणतो. काळजी घेतली नसेल, तर हयगयीनें मृत्यु घडविल्याबद्दल पांच वर्षांपर्यंत कैद आहे. बेफामपणें मोटार हांकणारे बहुधा याच कलमांत सांपडतात.

आतां मुख्य भेद. प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतो; प्रत्येक सदोष मनुष्यवध मात्र खून नसतो. मृत्यु घडण्याचा संभव आहे एवढीच जाणीव असणें ही खालची पायरी. जीव घेण्याचाच हेतु असणें, किंवा निसर्गक्रमानें मरण येण्यास पुरेशी अशी इजा हेतुपुरस्सर करणें, ही वरची. पंजाबांत एका इसमाच्या पोटांत भाल्याचा एकच घाव बसून तो दुसऱ्या दिवशीं वारला. नागपूरच्या न्यायालयांत पूर्वीं मुख्य न्यायाधीश असलेले न्यायमूर्ति विव्हियन बोस यांनीं सर्वोच्च न्यायालयांत १९५८ सालीं त्या खटल्याचा निवाडा दिला. ती इजा करण्याचा हेतु होता काय, एवढेंच आरोपीच्या मनासंबंधीं पाहावयाचें. ती मरणास पुरेशी होती काय, हें वैद्यकीय व इतर पुराव्यावरून ठरवावयाचें. मारावयाचें नव्हतें, ही सबब तेथें टिकली नाहीं.

गंभीर व आकस्मिक प्रक्षोभानें आत्मसंयम सुटून हातून वध झाला, तर खुनाचा सदोष मनुष्यवध होतो. मुंबईंत १९५९ सालीं नौदलाचे अधिकारी कमांडर नानावटी यांच्या खटल्यांत हाच वाद होता. ज्यूरीनें आठ विरुद्ध एक अशा मतांनीं त्यांस निर्दोष ठरविलें. उच्च न्यायालयानें तें मान्य केलें नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें १९६१ सालीं खुनाची शिक्षा कायम केली. दुपारीं दीड वाजतां ते घरांतून निघाले व चार वाजून वीस मिनिटांनीं गोळ्या सुटल्या. मन शांत होण्यास इतका वेळ पुरेसा होता, असें न्यायालयानें म्हटलें. राग किती मोठा होता, याइतकेंच तो किती वेळ बाळगला, यालाहि महत्त्व असतें.

चोरी करतांना बळ वापरलें कीं ती जबरी चोरी. तीच पांच किंवा अधिक जणांनीं मिळून केली कीं दरोडा. संख्येचा हा नियम सोपा आहे. ‘आपण कांहींच केलें नाहीं, नुसते उभे होतों’, हा बचाव मात्र इतका सोपा नाहीं. कलकत्त्याच्या शांखारीटोला पोस्टांत १९२३ सालीं पैसे मोजीत बसलेल्या पोस्टमास्तरांवर कांहीं लोकांनीं पिस्तुलें झाडून त्यांचा प्राण घेतला. पकडलेल्या बरेंद्रकुमार घोष याचें म्हणणें असें कीं, तो बाहेर अंगणांत भयानें उभा होता. प्रिव्ही कौन्सिलनें तें ऐकिलें नाहीं: अनेकांचा समान उद्देश असेल, तर एकाची कृति ती सर्वांची. हें तत्त्व आजच्या संहितेंतहि, कलम ३ मध्यें, आहे.

‘आरोप’ हा शब्दहि सांभाळून वापरावा. पोलिसांची पहिली नोंद, त्यांचें दोषारोपपत्र आणि न्यायालयानें ठेवलेला आरोप या तीन निराळ्या गोष्टी आहेत, आणि तिन्ही घडल्या तरी गुन्हा शाबीत झाला असें होत नाहीं. वर्तमानपत्रांत छापलेला मथळा बहुधा पहिल्या पायरीवरचा असतो.

वयाचा विचारहि कायदा करितो. सात वर्षांखालील मुलाची कोणतीहि कृति गुन्हा ठरत नाहीं. सात ते बारापर्यंत त्यास परिणाम समजण्याइतकी जाण होती काय, हें पाहतात. अठरा वर्षांखालील मुलाचें प्रकरण बाल न्याय मंडळापुढें चालतें. पण २०१५ च्या कायद्याप्रमाणें सोळा वर्षें पूर्ण झालेल्या मुलाकडून खुनासारखा अतिगंभीर गुन्हा घडल्याचा आरोप असेल, तर प्राथमिक तपासणीनंतर त्याचा खटला प्रौढाप्रमाणें चालविण्याकरितां बाल न्यायालयाकडे धाडतां येतो. आमच्या वरच्या वर्गांतील पुष्कळ विद्यार्थी सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर आहेत.