नाक धुण्यात हयगय नको!

भाचेबुवा, ऑपरेशन झालं, कांद्याच्या फोडणीचा वास पुन्हा यायला लागला, छान झालं. पण हुरळून जाऊ नकोस. डॉक्टरांनी दुर्बिणीतून नाकात वाढलेलं मांस आणि आत साचलेला तो पीनट बटरसारखा घट्ट, तपकिरी चिकटा काढलाय. तुझी बुरशीची ॲलर्जी काढलेली नाही. बुरशीचे कण सगळ्यांच्याच नाकात जातात. तुझं शरीर त्यांच्यावर चवताळून उठतं, म्हणून हे दुखणं उलटतं.

तेव्हा नाक धुणं सोडायचं नाही. नळाचं पाणी नको, फिल्टरचंही नको. खळखळ उकळून कोमट केलेलं अर्धा लिटर पाणी, त्यात चहाचा एक सपाट चमचा बिनआयोडीनचं मीठ, चिमूटभर खायचा सोडा. बेसिनवर वाकून ते बाटलीनं नाकपुडीत सोड, तोंडानं श्वास घे. मग जोरात शिंकरू नकोस, कानात दडे बसतात. बाटली रोज धुऊन कोरडी करायची, नाहीतर तीच बुरशीचं घर!

दहा-पंधरा मिनिटांनी डॉक्टरांनी दिलेला स्प्रे. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या. मान किंचित खाली, नळीचं तोंड त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. मधल्या पडद्यावर मारलास तर रक्त येतं. घशात कडू लागलं म्हणजे तू जोरात ओढलंस. ‘स्टेरॉइड आहे’ म्हणून आत्याबाई घाबरवतील; घाबरू नकोस, स्प्रे चालू ठेव. स्टेरॉइडच्या गोळ्यांचं मात्र तसं नाही. त्या डॉक्टर सांगतील तितकेच दिवस. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून परस्पर आणायच्या नाहीत. नाक चटकन मोकळं करणारे थेंबही तीन-चार दिवसांपलीकडे नकोत. पुढे तेच नाक चोंदवतात.

२०२१ मध्ये कोरोनानंतर आलेली काळी बुरशी ती ही नव्हे. ती मांस-हाड कुरतडत जाते, तुझी नाकाभोवतीच्या पोकळीतच राहते. तरी एकाचे दोन दिसले, डोळा पुढे आला, नजर अंधुक झाली, तर सकाळची वाट बघू नकोस, त्याच रात्री दवाखाना गाठ.

कूलरचा जुना वाळा फेकून दे, पलंग ओल आलेल्या भिंतीपासून हलव. यानं आजार जाणार नाही, पण आगीत तेल तरी पडणार नाही.

आणि नाक मोकळं वाटत असतानाही दुर्बिणीची तपासणी चुकवू नकोस. चिकटा गुपचूप साचतो, तुला कळेपर्यंत उशीर होतो. जाताना सीटी स्कॅनच्या जुन्या फिल्म आणि काढलेल्या मांसाचा रिपोर्ट ने. डॉक्टर बदलले तर पहिलं तेच मागतात.