घरच्या दुरुस्तीनंतर इंजिन थरथरते, तेव्हा काय पाहावे?

आठवडी बाजार करणाऱ्या व्यापाऱ्याची गाडी म्हणजे त्याचे चालते दुकान असते. ती एक दिवस बंद राहिली तर त्या दिवसाची बिक्री गेली आणि गिऱ्हाईक दुसऱ्याच्या पालावर गेले, असा सरळ हिशेब आहे. म्हणून प्लग बदलणे, एअर फिल्टर बदलणे, कार्बोरेटर साफ करणे अशी किरकोळ कामे आपण घरीच करून घेतो. यात गैर काही नाही. कारागिराच्या हाताला पाना काही परका नसतो. अडचण येते ती पुढे. काम संपवून गाडी चालू करावी तर इंजिन थरथरते, सायलेन्सरचा आवाज तुटक येतो, आणि पाय काढताच गाडी बंद पडते. अशा वेळी काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे, एवढाच आजच्या पाठाचा विषय आहे.

प्रथम माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी माझ्या कार्बोरेटरच्या जुन्या पेट्रोल व्हॅनचे प्लग आणि एअर फिल्टर घरी बदलले आणि कार्बोरेटर साफ केला. पाना नीट बसावा म्हणून एक जाड रबरी पाईप काढून बाजूला केला होता. तो परत बसवला, पण त्याची क्लिप आवळायची राहिली. गाडी चालू केली तर इंजिन थरथरू लागले. मी कारण शोधले नाही. स्लोचा स्क्रू थोडा फिरवला, गती वाढली, थरथर दबली. मी खूश झालो. दुसऱ्या दिवशी साड्यांचे गठ्ठे भरून मालेगावहून नाशिककडे निघालो. राहुड घाटाच्या उतारावर ब्रेकचा पॅडल दगडासारखा कडक लागला. दोन्ही पायांचा जोर लावून आणि गिअर उतरवून गाडी कडेला घेतली. तो जाड पाईप ब्रेकच्या बूस्टरचा होता. इंजिन काल मला थरथरून जे सांगत होते, त्याचे तोंड मी स्क्रू फिरवून बंद केले होते.

तेव्हा पहिला नियम हाच: कारण सापडेपर्यंत कोणत्याही स्क्रूला हात लावू नये.

स्लो म्हणजे काय?

अॅक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन ज्या गतीने चालते, तिला गॅरेजमध्ये स्लो किंवा आयडलिंग म्हणतात. बहुतेक पेट्रोल गाड्यांत गरम इंजिनाची ही गती मिनिटाला सुमारे ७०० ते ९०० फेरे असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. या वेळी हवा आत सोडणारी झडप जवळजवळ बंद असते. पिस्टन हवा ओढत असतात, पण वाट अरुंद असते. त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये जोराची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, तयार होते. ही ओढ ब्रेकच्या बूस्टरला आणि इतर काही भागांना बारीक-जाड रबरी पाईपांनी पुरवलेली असते.

आता एखादा पाईप सैल राहिला तर त्या वाटेने जादा हवा आत शिरते. पेट्रोल तेवढेच आणि हवा जास्त, म्हणून मिश्रण पातळ होते आणि एखादा सिलिंडर नीट पेटत नाही. रेस वाढवली की मुख्य झडपेतून पुष्कळ हवा येते, आणि त्या मानाने गळतीची हवा किरकोळ ठरते. गल्ल्यातून रोज दहा रुपये कमी होत असतील तर मंदीच्या दिवशी ते टोचतात, ईदच्या बाजारात कळतही नाहीत, तसेच हे आहे. यावरून एक खूण ध्यानात ठेवावी. स्लोवर थरथर आणि रेसवर ठीक असेल, तर संशय प्रथम हवेच्या गळतीवर घ्यावा. रेसवर आणि चढावर भार पडतानाही इंजिन झटके देत असेल, तर प्रथम ठिणगी किंवा पेट्रोलची बाजू पाहावी.

तपासाआधी

गाडी मोकळ्या जागेत उभी करावी. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साईड वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो. हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रल करावा, सैल बाह्या आणि गळ्यातला रुमाल आवरावा. रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो.

मग कागद घेऊन, आपण कोणकोणत्या वस्तू काढल्या आणि बसवल्या, ते क्रमाने लिहावे. थरथर काल नव्हती आणि आज आहे, तर दोष बहुधा या यादीतच आहे. ठाणात दोष निघाला की चांगला विणकर अखेरच्या गाठीपासून मागे जातो. इथेही तसेच करावे.

पायरी पहिली: हवा

एअर फिल्टरचे झाकण चारही बाजूंनी बसले आहे का, पाईपच्या क्लिपा आवळल्या आहेत का, एखादा बारीक पाईप निसटला किंवा चिरला आहे का, ते इंजिन बंद ठेवून पाहावे. मग इंजिन चालू करून कान द्यावा. गळती असेल तेथे बहुधा फुसफुस ऐकू येते. हातभर रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक पाईपांजवळ फिरवले तर जागा लवकर सापडते. मात्र पट्टा आणि पंखा यांपासून नळी दूर ठेवावी. संशयित पाईप चिमट्याला कापड गुंडाळून क्षणभर दाबावा. दाबताच इंजिन सुधारले, तर गळती त्या पाईपात किंवा त्याच्या पुढच्या भागात आहे. गळती शोधण्यासाठी गरम इंजिनावर पेट्रोल किंवा क्लीनर शिंपडण्याची काहींची रीत आहे. ती आगीला आमंत्रण आहे, करू नये.

ब्रेकची परीक्षा याच वेळी करावी. इंजिन बंद ठेवून पॅडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबावा. मग तो दाबून धरूनच इंजिन चालू करावे. पॅडल थोडा खाली गेला पाहिजे. गेला नाही तर ती गाडी रस्त्यावर नेऊ नये.

पायरी दुसरी: ठिणगी

प्लग बदलले असतील तर प्रत्येक वायरची टोपी शेवटपर्यंत बसली आहे का, ते इंजिन बंद करून दाबून पाहावे. अर्धवट बसलेली टोपी हा अगदी नेहमीचा दोष आहे. वायरी एकदम काढल्या असतील तर अदलाबदल झाली असेल. चार सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांत पेटण्याचा क्रम १-३-४-२ असतो. तीन सिलिंडरच्या गाड्यांत तो १-३-२ किंवा १-२-३ असतो. आपल्या गाडीचा क्रम पुस्तिकेत पाहावा. पुढच्या वेळी एका वेळी एकच वायर काढावी, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

प्लग काढून त्याची पांढरी चिनी माती तडकली आहे का ते पाहावे. हातातून पडलेला प्लग वरून चांगला दिसला तरी आत तडा असू शकतो. फट फिलर गेजने मोजावी. गाडीनुसार ती साधारण ०.७ ते १.१ मिलिमीटर असते. प्लगचे आटे प्रथम हाताने फिरवावेत, पाना नंतर लावावा.

कोणता सिलिंडर काम करत नाही हे कळण्यासाठी चालू इंजिनाची वायर ओढण्याची जुनी पद्धत आहे. तिच्यात जोराचा शॉक बसतो आणि कॉईलही जळू शकते. इंजेक्शनच्या गाडीत इंजिन बंद करून एका इंजेक्टरचा कपलर काढावा, काही सेकंद इंजिन चालवून ऐकावे, बंद करून कपलर परत लावावा. असे एकेक पाहावे. ज्याचा कपलर काढूनही आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच बसलेला आहे.

पायरी तिसरी: इंधन, कपलर आणि कॉम्प्युटर

पेट्रोल आणि गॅस, दोन्हींवर चालणारी गाडी असेल तर तपास सोपा होतो. दोन्हींवर सारखीच थरथर असेल तर दोष बहुधा हवा किंवा ठिणगीचा. फक्त एकावर असेल तर त्याच इंधनाच्या बाजूचा. गॅसच्या किटला मात्र घरी हात लावू नये.

इंजेक्शनच्या गाडीत सेन्सरचे कपलर टिक असा आवाज येईपर्यंत बसले पाहिजेत. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर किंवा बॅटरी काढल्यावर स्लो काही वेळ वरखाली होऊ शकतो. काजळीमुळे हवा कमी पडत होती, म्हणून कॉम्प्युटरने झडप थोडी जास्त उघडायची सवय लावून घेतली होती. आता काजळी गेली, पण सवय तीच राहिली. इंजिन गरम होऊन काही मिनिटे स्लोवर चालले की पुष्कळ गाड्या आपोआप ठिकाणावर येतात. काहींना स्कॅनर लावावा लागतो.

अलीकडच्या गाड्यांत स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला स्कॅनरची जागा असते. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर नीट पेटत नाही, पी ०३०२ म्हणजे दुसरा. पी ०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, येथे हवेची गळती आधी शोधावी. इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवू नये. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापवते आणि निकामी करते. प्लगची बचत तेथे अनेक पटींनी वसूल होते.

उस्तादाकडे केव्हा जावे?

सायलेन्सरच्या तोंडाजवळ कापडाची चिंधी काठीला बांधून धरावी. ती एकसारखी फडफडत असेल आणि तरी गाडी हादरत असेल, तर इंजिनाचे रबरी माउंटिंग पाहून घ्यावे. चिंधी अडखळत असेल आणि वरच्या तीनही पायऱ्यांत काही सापडले नसेल, तर टॅपेट, कॉम्प्रेशन किंवा पेट्रोलचा दाब मोजावा लागेल. हे काम साधने असलेल्या मेकॅनिकचे आहे. त्याच्याकडे जाताना आपली यादी सोबत न्यावी आणि काय काय केले ते खरे सांगावे. शरमेने लपवले तर त्याचा वेळ जातो आणि आपला पैसा.

दोष सापडून दूर झाल्यावर गाडी एकदा रिकामी चालवावी, ब्रेक पाहावा, मग माल भरावा. त्या दिवशी घाटात मला दहा मिनिटांची सबुरी किती स्वस्त होती ते कळले. वाचक बांधवांनी ते माझ्या खर्चाने शिकून घ्यावे.