आपल्या आजोबांचा शोध कसा घ्यावा?



पं. भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली सोपाऱ्याचा स्तूप उकरून काढला, हे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. परंतु आपले आजोबा कोणत्या खात्यात होते, आजी मुंबईस कधी आली, असे कोणी विचारल्यास आपण गप्प होतो. वडीलधाऱ्यांनी अपमानाच्या आठवणी मुलांपासून झाकून ठेवल्या. त्याबरोबर त्यांचे कष्टही झाकले गेले.

डॉ. नरेंद्र जाधव यांचे वडील दामोदर हे नाशिकजवळच्या ओझर गावचे. ते मुंबईस येऊन पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरीस लागले. निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहावरून त्यांनी आठवणी वहीत उतरविल्या. त्यातूनच 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३) हे पुस्तक झाले. असा आग्रह आपणही धरला पाहिजे.

१) प्रथम माणसे, मग कागद. वृद्धांना जन्मतारीख विचारू नये. "आजी, बाबासाहेब गेले तेव्हा तू केवढी होतीस?" असे विचारावे. ६ डिसेंबर १९५६ पासून हिशेब लागतो.

२) मूळ गाव. शाळेचे जनरल रजिस्टर, तहसील कचेरीतील जन्म-मृत्यूची नोंदवही आणि जमिनीचे जुने फेरफार पाहावेत. कनिष्ठ गावकामगार वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. त्यापूर्वीच्या कागदांत वतनदारांची नावे सापडू शकतात. १९५६ पूर्वीच्या नोंदीत 'बौद्ध' शोधू नये, जुनी जात शोधावी. आडनाव नसेल तर बापाचे नाव व गाव जुळवावे. वसईच्या मूळ रहिवाशांनी ठाणे जिल्ह्याच्या नावाचे कागद पाहावेत, कारण पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला.

३) कामधंदा. आपल्यापैकी अनेक कुटुंबे गावाहून मुंबईच्या चाळीत आणि तेथून नालासोपारा-विरारला आली. म्हणून घरातली जुनी पेटी उघडावी. गिरणीचे तिकीट, फंडाची चिठ्ठी, पेन्शनबुक, रेशनकार्ड, भाडेपावती यांवरून वर्षे ठरतात. १९८२ च्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या. आता घरचा कागद हाच मोठा आधार आहे.

४) आजी. तिचे नाव सातबाऱ्यावर क्वचितच असते आणि शाळेच्या रजिस्टरात तर बहुधा नसतेच. उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी चळवळीतील स्त्रियांना प्रत्यक्ष भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) हा ग्रंथ सिद्ध केला. आजीचे माहेर, तिची बाळंतपणे, तिची मजुरी हे सारे तिच्याच तोंडून लिहून घ्यावे.

ऐकलेली गोष्ट आणि कागदावरची नोंद वहीत वेगवेगळी लिहावी. दोन्हींत फरक पडला तरी काही खोडू नये.

या कामाचा व्यवहारातही उपयोग आहे. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात, आणि ऐन प्रवेशाच्या वेळी पालकांची धावपळ होते. आजोबा शाळेत गेले नसतील तर त्यांच्या सख्ख्या भावाची नोंद शोधावी.

कागद उद्याही मिळेल, सांगणारे माणूस मिळेलच असे नाही. या सुट्टीत प्रत्येकाने एक वही घ्यावी, पहिल्या पानावर आजी-आजोबांची पूर्ण नावे लिहावीत आणि त्यांच्याजवळ जाऊन बसावे.